खिशातली दोन बोटं

कुरणवाडीच्या बंधाऱ्याच्या चौकीदाराला, शमशुद्दीन मुजावरला, कुणी पाणी किती आहे असं विचारलं, तर उत्तर हात आणि बोटांत यायचं. मीटर आणि सेंटिमीटर साहेबांच्या वहीत. शमशुद्दीनकडे एक जुनी बांबूची काठी होती, तिच्यावर हाताहाताच्या अंतरावर खाचा पाडलेल्या. ती तो बंधाऱ्याच्या तळाच्या दगडी उंबऱ्यावर टेकवायचा, वर काढायचा, शेवटच्या बुडलेल्या खाचेच्या वर जेवढा बांबू ओला असेल त्यावर आडवी बोटं ठेवायचा आणि सांगायचा, दोन हात चार बोटं. तेहतीस वर्षं हे असं चाललं होतं आणि एवढ्या वर्षांत त्याचा आकडा चुकला असं कुणी म्हटलं नव्हतं. आता आकडा चुकणं वेगळं आणि चुकीचा सांगणं वेगळं, पण ते पुढं येईलच.

या नदीवर सात बंधारे. गगनबावड्याच्या अंगाला धरण, त्याच्या खाली पिराजीचा पहिला बंधारा, मग एकाखाली एक करत सहावा आकारामचा आणि सातवा, टोकाचा, शमशुद्दीनचा. बंधाऱ्याच्या गाळ्यांत लोखंडी फळ्या एकावर एक बसवून पाणी अडवायचं. या फळ्यांना बरगे म्हणतात. उन्हाळ्यात धरणातून मोजून पाणी सुटतं. पहिल्यानं आपल्यापुरतं अडवावं आणि उरलेलं खाली सोडावं, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. सहाही जणांनी मनापासून सोडलं तर सातव्याला मिळतं, आणि सातव्याकडून पुढं सोडायची वेळ येत नाही, त्यामुळे शमशुद्दीनला आयुष्यभर फक्त मागण्याचंच काम होतं. कुरणवाडीची पिण्याची विहीर, म्हणजे नदीकाठचं जॅकवेल, याच बंधाऱ्याच्या पाण्यावर चालतं. पाणी एका हाताच्या खाली गेलं की तिथली मोटर हवा ओढते आणि साडेआठ हजार लोकांचे नळ बंद होतात.

पाणी किती अडवायचं आणि किती सोडायचं हे ठरवायची या सात जणांची स्वतःची पद्धत होती. सातांनी एकत्र बसून कधी काही ठरवलं नाही. प्रत्येक जण फक्त आपल्या वरच्याशी आणि आपल्या खालच्याशी बोलायचा. पूर्वी नदीकाठच्या एसटीच्या ड्रायव्हरजवळ चिठ्ठी द्यायचे, मोबाईल आल्यावर सकाळी सातला फोन. तुझ्याकडं किती बोटं, माझ्याकडं एवढी, मग मी एक बरगा काढतो, तू बघून सांग. दुपारी परत फोन. तिसऱ्या-चौथ्या फोनला सगळ्या नदीचं जमून यायचं. पिराजीनं शमशुद्दीनला जन्मात तीन वेळा पाहिलं असेल, तरी पिराजीचा बरगा शमशुद्दीनच्या काठीकडं बघून हलत होता. मधले पाच जण निरोप पोचवत होते एवढंच.

म्हणून श्रुती पहिल्यांदा बंधाऱ्यावर आली तेव्हा शमशुद्दीनला तिची मोठी गंमत वाटली. ती कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात संशोधन करणारी मुलगी, स्कूटरवरून आलेली, पाठीला लॅपटॉप. तिनं सांगितलं की धरणावर एकच मोठा कॉम्प्युटर बसवला आणि त्यानंच सगळ्या नदीचं ठरवायचं म्हटलं तर त्याला सातही ठिकाणचं सगळं कळावं लागतं, आणि मध्ये एका गावातली रेंज गेली की कारभार ठप्प. त्याऐवजी ती प्रत्येक बंधाऱ्यावर एक छोटा डबा बसवणार होती. डब्यानं आपल्यापुरतं पाणी मोजायचं आणि फक्त वरच्या नि खालच्या डब्याशी बोलायचं. आपला अंदाज सांगायचा, त्यांचा ऐकायचा, स्वतःचा थोडा बदलायचा, परत सांगायचा. पन्नास-साठ फेऱ्या झाल्या की सातही डबे एकाच निर्णयावर येतात आणि तो निर्णय सगळ्या नदीला सोसणारा असतो, हे गणितानं सिद्ध झालेलं आहे म्हणे.

"हे तर आम्ही सकाळी सातला करतोच की," शमशुद्दीन म्हणाला.

श्रुती हसली आणि म्हणाली की म्हणूनच मी इथं आले. ते वाक्य शमशुद्दीनला एवढं आवडलं की संध्याकाळी त्यानं ते घरी बायकोला, मेहमुदाला, दोनदा ऐकवलं. पुढं ग्रामसभेत लोक डब्यावर वैतागून बोलायला लागले, तेव्हा हाच उभा राहिला. पोरगी हुशार आहे, हिशेब आपलाच आहे, फक्त डबा न दमता करतो, आणि टोकाला पाणी येण्याची जबाबदारी माझी. मे महिन्याच्या एकतीस तारखेला रिटायर होणाऱ्या माणसानं जबाबदारी घेऊ नये, पण त्याला ती घ्यायची हौस.

डबे फेब्रुवारीत बसले. डब्याला पाणी कळायचं, पण ते उंबऱ्यापासून किती हे एकदा माणसानं शिकवावं लागायचं, कारण उंबरा गाळात बुडालेला आणि तो नेमका कुठं आहे हे चौकीदारालाच माहीत. श्रुती मोठी काटेकोर. तिनं प्रत्येक चौकीदाराच्या बोटांची जाडी मोजून मिलिमीटरात लिहून घेतली, काठीवरच्या खाचांची अंतरं मोजली, आणि मग विचारलं, आत्ता पाणी किती?

शमशुद्दीननं काठी बुडवली. पाणी दोन हात सात बोटं होतं. तोंडातून आलं, "दोन हात पाच."

त्याची जीभ चुकून घसरली नव्हती. एकतीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, वरच्या बंधाऱ्याच्या तेव्हाच्या चौकीदारानं पाणी किती विचारलं आणि यानं भोळेपणानं होतं ते सांगितलं, भरपूर आहे. वरच्यानं लगेच सगळे बरगे घालून टाकले. मग ऊन तापलं, पाणी उतरलं आणि कुरणवाडीनं अकरा दिवस टँकरचं पाणी प्यालं. लग्नाला वर्ष झालेली मेहमुदा दोन घागरी घेऊन रांगेत उभी राहायची आणि बायका तिला ऐकू जाईल असं तिच्या नवऱ्याविषयी बोलायच्या. ती घरी येऊन काही बोलली नाही. त्या उन्हाळ्यापासून शमशुद्दीननं काठीवर काहीही दिसो, सांगताना दोन बोटं कमी सांगायला सुरुवात केली. ती दोन बोटं त्याच्या खिशातली, गावासाठी अडीनडीला ठेवलेली. वहीत कमी, फोनवर कमी, साहेबांसमोर कमी. एकतीस वर्षांत ती सवय इतकी मुरली की खोटं बोलतोय हेही लक्षात येईना. पुढं आकाराम वरच्या बंधाऱ्यावर आला. त्याच्या आकड्यापेक्षा पाणी नेहमी थोडं जास्तच यायचं, तेव्हा शमशुद्दीन मनाशी म्हणायचा, आकारामचे डोळे अधू झालेत, आपण थोडं जास्त धरून चालावं.

तर असा हा दोन हात पाच बोटांचा आकडा डब्यात गेला. पाटबंधारे खात्याचा आदेश निघाला की आता फोनवर घासाघीस बंद, डबा सांगेल तेवढेच बरगे काढायचे किंवा घालायचे. मार्च-एप्रिलमध्ये नदीला पाणी होतं, त्यामुळे काही जाणवलं नाही. मेच्या मध्यावर धरणातून मोजून पाणी सुटलं, शनिवारी ते कुरणवाडीला पोचायला हवं होतं. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी काठीवर एक हात तीन बोटं होती आणि रोज एक बोट उतरत होतं. धरणातून पुढचं पाणी जूनच्या पाच तारखेशिवाय सुटणार नव्हतं.

जॅकवेलवर मोटर चालवणारा बुद्धभूषण सकाळी येऊन काठीकडं बघून गेला. एरवी तो गप्पा मारत बसायचा, आज सरळ मोटर तपासायला गेला, ते शमशुद्दीनला जास्त लागलं. दुपारभर तो बंधाऱ्याच्या कट्ट्यावर बसून राहिला. डब्याची काच हिरवी चमकत होती, सगळं ठीक असल्याचं सांगत होती. आपल्या एका खोट्यानं सातही डब्यांचं गणित नासलं, याबद्दल त्याला आता शंका नव्हती. सांगावं तर एकतीस वर्षांच्या नोंदी खोट्या ठरणार, सेवापुस्तकात जाता जाता लाल शेरा बसणार, आणि गावात जो तो म्हणणार, शमशूनं आपल्याला सरळ बनवलं. न सांगावं तर गुरुवारी नाहीतर शुक्रवारी नळ बंद. जेवणाचा डबा त्यानं उघडलाच नाही. शेवटी त्यानं श्रुतीला फोन करून उद्या ये एवढंच सांगितलं.

मंगळवारी ती आली तीच रडकुंडीला. दोन रात्री आकडे तपासत बसली होती. डबे व्यवस्थित बोलत होते, हिशेबात चूक नव्हती, आणि तरी पाणी मध्येच कुठंतरी गायब होत होतं. तिचं सगळं वर्षाचं संशोधन यावर अवलंबून होतं, पण तिला जास्त भीती कुरणवाडीची वाटत होती. शमशुद्दीननं तिला कट्ट्यावर बसवलं, स्वतः उभा राहिला.

"पोरी, एक सांगतो. लगेच लिहून घेऊ नको, आदी ऐक. फेब्रुवारीत तू इचारलंस तवा दोन हात सात बोटं पाणी हुतं. मी पाच सांगितलं. मी सगळ्यांस्नी दोन कमीच सांगतो. एकतीस वर्सं झाली."

एवढं बोलून त्याला वाटलं, आता जमीन दुभंगेल. तसं काही झालं नाही. श्रुतीनं लॅपटॉप उघडला, काहीतरी टाईप केलं आणि मान हलवली.

"चाचा, तुमच्या दोन बोटांनी पाणी अडत नाही. तुम्ही टोकाला. तुमच्या डब्याला पाणी कमी दिसलं तर तो उलट जास्त मागणार. मला सापडत नाहीत ती बोटं वरची आहेत. तुमच्या वर कुठंतरी तेरा बोटं पाणी जास्तीचं अडलंय. आणि नुसती बोटं म्हणू नका, पाच-सहा किलोमीटर लांब पसरलेलं पाणी आहे ते."

शमशुद्दीननं मनात बंधारे मोजले. वर सहा. सहा दुणे बारा. त्याला आकारामचे अधू डोळे आठवले, आणि तो जो खाली बसला तो हसू आवरेना म्हणून बसला. श्रुतीला कळेना या माणसाला झालं काय. मग त्यानं सांगितलं. आपण एकटेच पापी आहोत असं तो समजत होता, आणि नदीभर प्रत्येकाच्या खिशात दोन दोन बोटं होती. पूर्वी प्रत्येक जण शेजाऱ्याच्या आकड्यात अंदाजानं थोडं मिळवून घ्यायचा म्हणून चालून जायचं. डब्याला ही रीत कुणी सांगितली नाही. त्यानं बिचाऱ्यानं सातही जणांवर विश्वास ठेवला, आणि वरच्या प्रत्येक बंधाऱ्यावर दोन बोटं कमी आहेत असं धरून तेवढं पाणी जास्त अडवून ठेवलं.

श्रुती लगेच फोन काढायला लागली. सहाही जणांना विचारते, नाहीतर साहेबांना सांगून विचारायला लावते. शमशुद्दीननं तिला थांबवलं. तू विचारलंस तर ते तेच आकडे परत सांगतील, साहेबांनी विचारलं तर आणखी ठासून सांगतील. हे शेजाऱ्यानं शेजाऱ्याला विचारायचं काम, आणि तेही आधी स्वतःचं सांगून. त्यानं आकारामला फोन लावला, श्रुतीला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला, आणि आकारामलाही आधीच सांगितलं की पोरगी शेजारी बसलीय. मग तीच कबुली दुसऱ्यांदा दिली. दुसऱ्यांदा ती निम्म्या वेळात झाली.

पलीकडून पाण्याचा आवाज येत होता.

"शमशू, तू दोन चोरतोस ते मला पयल्या वर्सापासनं ठावं हाय," आकाराम म्हणाला. "तुझ्या आकड्यात दोन मिळवूनच मी बरगा काढायचो. तुला वाटलं काय, पंचवीस वर्सं तुला पाणी तुझ्या आकड्यावर येत हुतं?"

"आन् तुझं?"



"माझीबी दोनच हायत," आकाराम म्हणाला. "पन हे त्या पोरीला माझ्या नावानं सांगू नको म्हणायची सोय ऱ्हायली न्हाय, ती तर बसलीयच तितं."

आकारामनं वरच्याला फोन करायचं कबूल केलं, आणि तसा केलाही. त्यानं पाचव्याला स्वतःचं सांगितलं, पाचव्यानं चौथ्याला. श्रुती आणि शमशुद्दीन दीड तास कट्ट्यावर बसून होते. शमशुद्दीननं आदल्या दिवशीपासून न जेवलेल्या माणसाच्या तडफेनं भाकरी आणि खर्डा संपवला, निम्मा श्रुतीला खायला लावला. एकेक निरोप वरून उतरत आला. दोन. दोन. दोन. दोन. चौथ्यानं म्हणे आधी तासभर शिव्या घातल्या असत्या, पण त्याला वरचा फोन करायची घाई झाली, कारण तिसरा काय सांगतो हे ऐकायची त्याला उत्सुकता जास्त. सगळ्यात शेवटी पिराजीचं आलं. पिराजीची तीन होती. सगळ्यात वरचा बंधारा आपला, मान आपला, म्हणून एक जादा.

श्रुतीचं तेरावं बोट सापडलं. तिनं लॅपटॉपवर हात ठेवून डोळे मिटून घेतले आणि मग एकदम मोकळं हसली. किती दिवसांनी हसली असेल कुणास ठाऊक. तिथंच बसून तिनं सातही डब्यांची सुरुवात दुरुस्त केली. डबे आपसात बोलले, आणि अर्ध्या तासात प्रत्येक बंधाऱ्यावर नवा हुकूम गेला. पिराजीनं पाच बरगे काढले, खालच्यांनी दोन-दोन, तीन-तीन. हे सगळं डब्यानं सांगितलं तसंच झालं. फोन मात्र त्या दिवशी सातही जणांनी एकमेकांना पुन्हा केले, काम नसताना.

पाणी चालत येतं, धावत नाही. बुधवारी काठीवर एक हात एक बोट राहिलं. गुरुवारी एक हात. बुद्धभूषणनं मोटर दिवसाआड चालवायची ठरवली आणि शमशुद्दीनला तसं येऊन सांगितलं. शमशुद्दीन त्याला म्हणाला, उद्यापर्यंत थांब, न्हाय आलं तर मी स्वतः दवंडी देतो. रात्री त्याला झोप मात्र लागली. सांगून टाकल्यापासून त्याला झोप लागत होती, आणि पाणी अजून आलेलं नसताना ती लागते याची त्याला थोडी लाजही वाटत होती.

शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमाराला वरच्या वळणाशी पाचोळा दिसला. पाचोळ्यामागं गढूळ फेस, आणि मग बरग्यांना पाणी घासल्याचा तो आवाज, जो तेहतीस वर्षांत त्यानं कधी चुकवला नव्हता. त्यानं काठी बुडवली नाही. नुसता उभा राहून बघत राहिला. बुद्धभूषण जॅकवेलवरून हात वर करून काहीतरी ओरडला, ते पाण्याच्या आवाजात कळलं नाही, पण कळायची गरजही नव्हती. तेवढ्यात फोन वाजला. आकाराम. किती बोटं, म्हणून विचारत होता.

आता शमशुद्दीननं काठी घातली, ओली खूण पुसून परत घातली, आणि बोटं नीट चिकटवून मोजली.

"एक हात आठ."

"आठच?"

"आठच. मिळवू नकोस, काढू नकोस."

"बरं," आकाराम म्हणाला, आणि तोही हसला.

पुढच्या सोमवारी एकतीस तारीख. कचेरीत नारळ आणि शाल झाली. शाखा अभियंता साहेब चांगलं बोलले. टोकाच्या बंधाऱ्याची वही खात्यात आदर्श मानली जाते असंही म्हणाले, तेव्हा शमशुद्दीनला शाल फार गरम झाली. कार्यक्रम संपल्यावर तो साहेबांच्या टेबलापाशी गेला, शेवटची वही उघडली आणि त्या दिवसाच्या नोंदीखाली साहेबांसमोरच लिहिलं: 'शेवटचा आठवडा सोडून माझ्या हातच्या एकतीस वर्षांच्या सर्व नोंदींत दोन बोटं मिळवून वाचावं.' खाली सही केली. साहेबांनी ते दोनदा वाचलं. श्रुतीच्या अहवालात सुरुवातीचे आकडे दुरुस्त केल्याचं त्यांनी वाचलं होतं, त्यामागं कोण हे त्यांना माहीत नव्हतं. हे लिहायलाच हवं होतं का, असं त्यांनी हळू विचारलं.

"व्हय साहेब. आता वही मागं ऱ्हाणार, मी न्हाय."

साहेबांनी टेबलावरच्या पेनांकडं हात नेला. लाल पेन हाताशीच होतं. त्यांनी निळं उचललं, त्याच्या सहीखाली आपली सही केली आणि वही मिटली.

घरी मेहमुदानं शाल घडी करून ठेवली, नारळ भिंतीतल्या देवळीत ठेवला, चहा टाकला. शमशुद्दीननं तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. टँकरचा तो उन्हाळा, रांगेतल्या बायका, तिचं ते काही न बोलणं, आणि त्या दिवसापासून खिशात ठेवलेली दोन बोटं. तुझ्यासाठी केलं असंही तो म्हणाला, आणि म्हणताना ते त्यालाच अर्धवट वाटलं.

मेहमुदानं चहा गाळून कप त्याच्यासमोर ठेवला.

"त्या रांगंत मी गप नव्हते," ती म्हणाली. "बायका म्हणत हुत्या, शमशूनं वरच्याशी संगनमत करून पाणी इकलं. मी त्यांस्नी भरल्या रांगंत सांगितलं, पाणी गेलं आसंल, पन माझा माणूस खोटं बोलत न्हाय."

एकतीस वर्षं तिनं हे त्याला सांगितलं नव्हतं, आणि एकतीस वर्षं तो तिचं वाक्य रोज सकाळी सातला खोटं पाडत होता. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते लपवले नाहीत.

"आन् आता कुणी इचारलं तर?" त्यानं विचारलं.

"आता परत सांगीन की," मेहमुदा म्हणाली, आणि नळाला पाणी आलं होतं म्हणून घागर लावायला उठली.